पूर्ण चौकटीची कहाणी

लग्नसराई जवळ आली की आमच्या सीमाभागातल्या बाजारपेठांतून फोटो स्टुडिओंच्या पाट्या नव्याने रंगतात. पाटीवर एका बाजूस मराठी मजकूर असतो, दुसऱ्या बाजूस कन्नड. आणि गेल्या काही वर्षांत या दोहोंच्या मध्ये दोन शब्द हटकून आलेले दिसतात : ‘फुल फ्रेम’. दर सांगतानाही हा भेद पाळला जातो. साध्या कॅमेऱ्याने लग्न टिपायचे तर एक दर, फुल फ्रेमने टिपायचे तर दुसरा. वधूपिता बिचारा आधीच खर्चाने वाकलेला असतो. ‘मुलीचे लग्न अर्ध्या चौकटीत कशाला?’ असे म्हणून तो दुसरा दर कबूल करून टाकतो. ‘फुल’ म्हणजे नेमके किती, आणि ते कोणी ठरवले, हे विचारण्याची ती वेळ नसते.

छायाचित्र हा शब्द मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांनी आपला केला आहे. ‘पूर्ण’ हा शब्दही दोघींच्या घरी नांदतो. तरीही ‘पूर्ण चौकट’ असे कोणी म्हणत नाही. म्हटले असते तर कदाचित मनात प्रश्न आला असता, की मग इतकी वर्षे जे फोटो निघत होते ते अपूर्ण होते काय? शाळेत इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. ‘पूर्ण’, ‘शुद्ध’, ‘मूळ’ असे शब्द कानांवर पडले की ते कोणी, केव्हा आणि कोणत्या सोयीसाठी वापरात आणले हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. या शब्दाचा माग काढला तेव्हा जी हकिकत हाती आली, ती वाचकांपुढे ठेवतो.

काच जेवढी, फोटो तेवढा

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याच्या प्रकाशचित्रणाच्या पद्धतीची घोषणा झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तो चित्र उमटवी. त्याच्या पेटीत बसणारा पत्रा साधारण साडेसहा बाय साडेआठ इंचांचा होता. पुढे सर्वांनी तेच माप ‘होल प्लेट’, म्हणजे पूर्ण पत्रा, म्हणून धरले. त्याच्या साधारण निम्म्याला ‘हाफ प्लेट’ आणि पावाला ‘क्वार्टर प्लेट’ अशी नावे पडली. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडून हे शब्द ऐकलेले वाचक अजून असतील. म्हणजे छायाचित्रणाच्या इतिहासातले पहिले ‘पूर्ण’ माप हे एका संशोधकाच्या लाकडी पेटीचे माप होते. त्यामागे निसर्गाचा नियम नव्हता आणि शास्त्राची आज्ञाही नव्हती.

पत्रा जाऊन काच आली. काचेवरच्या निगेटिव्हवर मसाला लावलेला कागद दाबून ठेवायचा आणि तो उन्हात धरायचा, अशी छपाईची सर्वसाधारण रीत होती. त्यामुळे जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर मोठी काच, आणि मोठ्या काचेला मोठा कॅमेरा. इंदूर आणि हैदराबादच्या मराठी घरांना लाला दीनदयाळ हे नाव परके नाही. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेला हा तरुण १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागला आणि १८७० च्या दशकात कॅमेऱ्याकडे वळला. तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि सर हेन्री डॅली यांचे त्याला प्रोत्साहन मिळाले. पुढे हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्याला दरबारी छायाचित्रकार केले आणि ‘राजा’ हा किताब दिला. १९०५ साली त्याचे निधन झाले. त्याच्या काचेच्या अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. मध्य भारतातल्या देवळांचे आणि किल्ल्यांचे फोटो काढताना या माणसाबरोबर काचांच्या पेट्या, रसायने, तिकटी आणि ते वाहणारे हमाल असा सारा लवाजमा असे.

तो भार फुकट गेला नाही. आमच्या शाळेच्या कचेरीत १९५० च्या दशकातला एक समूहफोटो आहे. तो दीनदयाळांच्या तोडीचा मुळीच नाही. तालुक्याच्या गावच्या एका स्टुडिओवाल्याने मोठ्या निगेटिव्हवर काढलेला आहे. पण बहिर्गोल भिंग घेऊन पाहिले तर शेवटच्या रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलाच्या सदऱ्याची गुंडी तुटलेली आहे, हेसुद्धा दिसते. मोठ्या चौकटीचे सामर्थ्य कशात असते ते त्या तुटक्या गुंडीत कळते.

सिनेमाची फीत आणि दम्याचा रोगी

आता आजच्या ‘फुल फ्रेम’कडे येऊ. तिचे माप आहे २४ बाय ३६ मिलिमीटर. दागेरच्या पूर्ण पत्र्याचे क्षेत्रफळ याच्या चाळीस पटींहून अधिक भरते. एवढेसे माप ‘पूर्ण’ कसे झाले?

१८९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन हा चलच्चित्रांवर काम करीत होता. ईस्टमन कंपनीची ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म त्याने उभी चिरून ३५ मिलिमीटरची केली आणि यंत्रात ती सरकावी म्हणून दोन्ही काठांना छिद्रे पाडली. प्रत्येक चित्राला चार छिद्रे, आणि छिद्रांच्या मधल्या जागेत चित्र बसले ते १८ बाय २४ मिलिमीटरचे. सिनेमाची पूर्ण चौकट ती हीच.

जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक बनवण्याचा कारखाना होता. १९११ साली तेथे ऑस्कर बार्नाक नावाचा एक कारागीर रुजू झाला. त्याला दम्याचा विकार होता आणि डोंगर हिंडून फोटो काढण्याचा छंद होता. काचांच्या पेट्या पाठीवर घेऊन चढण चढणे त्याला झेपेना. १९१३-१४ च्या सुमारास त्याने सिनेमाच्या फितीवर चालणारा, खिशात मावणारा एक कॅमेरा स्वतःसाठी तयार केला. सिनेमाची चौकट फार लहान वाटली म्हणून त्याने फीत आडवी चालवली आणि दोन चौकटी जोडून एक केली. चाराऐवजी आठ छिद्रे आणि २४ बाय ३६ चे माप. आजची ‘फुल फ्रेम’ ही अशी सिनेमाच्या चौकटीची दुप्पट आहे.

मधे महायुद्ध आले. १९१४ च्या ऑगस्टमध्ये वेट्झलारच्या रस्त्यावर सैन्यभरतीचा हुकूम वाचणारी माणसे बार्नाकने याच छोट्या कॅमेऱ्याने टिपली. १९२० साली गावात आलेला पूरही टिपला. १९२३ साली चाचणीसाठी थोडेसे नमुने तयार झाले. जर्मनीत तेव्हा चलनफुगवट्याने हाहाकार माजवला होता. अशा काळात नवा माल काढणे म्हणजे धाडसच होते. तरी कारखान्याचे मालक दुसरे एर्न्स्ट लाइट्झ यांनी १९२४ साली निर्णय घेतला आणि १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ विक्रीस मांडला गेला. ‘लाइट्झ’ आणि ‘कॅमेरा’ यांतून हे नाव जुळवलेले होते. त्या चाचणीच्या नमुन्यांपैकी बार्नाकने स्वतः वापरलेला एक कॅमेरा २०२२ साली लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला.

पण १९२५ साली या कॅमेऱ्याला ‘पूर्ण’ म्हणणारा कोणी नव्हता. इंग्रजीत त्याला ‘मिनिएचर’ कॅमेरा म्हणत; जर्मन लोक त्या मापाला ‘छोटे चित्र’ म्हणत. व्यवसायातले लोक याला खेळणे समजत. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार कितीतरी वर्षे चार बाय पाच इंचांच्या फिल्मवर काम करीत राहिले. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हाती दिल्लीच्या समारंभांत स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स हे मोठ्या चौकटीचे कॅमेरे असत. उतारवयात त्या बडोद्याला राहिल्या आणि २०१२ च्या जानेवारीत तेथेच निवर्तल्या. त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांना ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याचे नाव ‘फुल फ्रेम’ म्हणून सांगितले असते, तर त्यांनाही ती थट्टा वाटली असती.

या छोट्या चौकटीला मान मिळाला तो तिच्या मापामुळे नव्हे. कॅमेरा सहज बाळगता येई, चटकन डोळ्याला लावता येई, आणि एका रोलात छत्तीस फोटो निघत. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ हाच लायका घेऊन हिंडत असे. ३० जानेवारी १९४८ रोजी तो गांधीजींना भेटला. त्याच दिवशी गांधीजींची हत्या झाली आणि पुढची अंत्ययात्रा त्याने टिपली. फोटोची काटछाट त्याला खपत नसे. जेवढे टिपले तेवढेच छापावे, असा त्याचा आग्रह होता. एका अर्थी ‘पूर्ण चौकटी’चा हा पुरस्कर्ता, पण त्याचा १९३२ सालचा सर्वांत गाजलेला फोटो, पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी घेणारा माणूस, तो मात्र काटछाट केलेला आहे. कुंपणाच्या फटीतून तो घेतल्यामुळे काठाचा भाग कापावा लागला.

दोन-चार मिलिमीटरांचे राजकारण

२४ बाय ३६ हे माप जगभर एकच कसे झाले, ही हकिकतही मनोरंजक आहे. १९३४ साली कोडॅकने ‘रेटिना’ या कॅमेऱ्याबरोबर तयार भरलेली, दिवसाउजेडी कॅमेऱ्यात घालता येणारी ३५ मिलिमीटरची डबी बाजारात आणली. घरोघरी दिसणारा तो रोल हाच. १९३६ साली त्याच डबीत कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली. फिल्म धुऊन, कापून, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून स्लाइड देण्याची व्यवस्था अमेरिकेत उभी राहिली. आणि ती यंत्रे कापत ३६ मिलिमीटरच्या हिशेबाने.

महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात जपानच्या निप्पॉन कोगाकू कंपनीने १९४८ साली आपला पहिला निकॉन काढला तो २४ बाय ३२ मिलिमीटरचा. लहान चौकटीमुळे एका रोलात छत्तीसऐवजी चाळीस फोटो बसत. काटकसरीच्या घरात वाढलेल्या कोणालाही हा विचार पटावा. पण अमेरिकेतल्या स्लाइड कापणाऱ्या यंत्रांना तो पटला नाही, आणि माल तर अमेरिकेतच विकायचा होता. १९४९ च्या निकॉनात चौकट ३४ मिलिमीटरवर गेली आणि १९५४ च्या निकॉन एस-टू मध्ये ती मुकाट्याने ३६ मिलिमीटर झाली. प्रमाण ठरते ते असे. अगोदर एकाची सोय, मग बाजाराची यंत्रे, मग सर्वांची सवय. आणि सवय पुरेशी जुनी झाली की तिलाच नियम म्हणतात.

अर्ध्या चौकटीलाही तिचे दिवस आले. १९५९ साली ऑलिंपस कंपनीत योशिहिसा माइतानी या तरुण अभियंत्याने ‘पेन’ हा कॅमेरा रचला. चौकट १८ बाय २४ ची, म्हणजे पुन्हा सिनेमाचीच. रोल छत्तीसचा, फोटो बहात्तर. ज्या घरात रोलाचे पैसे मोजून बाजूला काढावे लागत तेथे हा कॅमेरा लोकप्रिय झाला. त्याला ‘हाफ फ्रेम’ म्हणत.

आपल्याकडे काय होते? आमच्या पिढीने लहानपणी पाहिलेला कॅमेरा म्हणजे आग्फाचा क्लिक थ्री. १२० क्रमांकाचा रोल, बारा फोटो आणि सहा बाय सहा सेंटिमीटरची चौकट. हिशेब केला तर ही चौकट आजच्या ‘फुल फ्रेम’च्या साडेतीन पटींहून मोठी! सहलीला तो गळ्यात अडकवून मिरवणाऱ्या काकांना आपण आजच्या भाषेत फुल फ्रेमच्याही वरची पायरी बाळगून आहोत याची गंधवार्ता नव्हती. आणि तरीही त्याचे फोटो बेताचेच निघत. कारण भिंग साधे, एकाच काचेचे, आणि वेग जवळजवळ ठरलेला. ऊन पाठीशी घेऊन उभे राहिले तर ठीक, नाही तर सारे धुक्यात. चौकट मोठी असली तरी समोरचे भिंग जर अर्धवट असेल तर चित्र अर्धवटच येते, हा धडा क्लिक थ्रीने फार स्वस्तात शिकवला.

सिलिकॉनची चकती

१९६९ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो मोजता येईल अशी चिप कल्पिली. २००९ चे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्या एफ-थ्री या कॅमेऱ्याला अशी चिप जोडून डीसीएस नावाचा कॅमेरा विकायला काढला. त्याचा सेन्सर साधारण २०.५ बाय १६.४ मिलिमीटरचा होता. मागे ३६ मिलिमीटरसाठी बनवलेली पेटी, पुढे ३६ मिलिमीटरसाठी घासलेले भिंग आणि मधे निम्म्याहून कमी क्षेत्राचा सेन्सर. भिंगाने आत आणलेल्या चित्राचा फक्त मधला भाग टिपला जाई, कडा बाहेर राहत. ‘क्रॉप’, म्हणजे कातरलेले, हा शब्द आला तो येथून.

सेन्सर लहान का ठेवला? त्याचे उत्तर कारखान्यात आहे. सेन्सर तयार होतो सिलिकॉनच्या गोल चकतीवर. शंकरपाळ्याची पोळी लाटून काप करावेत तसे त्या चकतीचे तुकडे पडतात. लाटलेल्या पोळीत कोठे खडा निघाला तर तेवढा काप टाकून द्यावा लागतो. काप लहान असतील तर नुकसान थोडे. मोठे असतील तर तेवढ्याच खड्यांपायी पोळीचा मोठा हिस्सा वाया जातो. शिवाय गोल पोळीतून मोठे चौकोन कापले की कडेचा चुराही जास्त. त्यात आणखी एक अडचण अशी की, चकतीवर नक्षी छापणाऱ्या यंत्राचे एका वेळचे क्षेत्र ३६ मिलिमीटर लांबीला पुरत नसे. मोठ्या सेन्सरची नक्षी दोन-तीन वेळा छापून सांधावी लागे. म्हणून मोठा सेन्सर दुपटी-तिपटीने महाग न पडता कितीतरी अधिक पटींनी महाग पडे.

१९९९ चा निकॉन डी-वन आणि २००० चा कॅनन डी-थर्टी हे दोन्ही लहान सेन्सरचे होते. या मापाला नाव मिळाले ‘एपीएस-सी’. त्यामागेही एक उपकथा आहे. १९९६ साली कोडॅक, फुजी, कॅनन, मिनोल्टा आणि निकॉन या पाच कंपन्यांनी मिळून एपीएस नावाची नवी, लहान फिल्म आणली होती. तिच्यातल्या एका मापाला ‘क्लासिक’ म्हणत, ‘सी’ त्यातलाच. फिल्म पुढे चालली नाही, २०११ साली ती बनणेही थांबले. पण मापाचे नाव सेन्सरला चिकटून राहिले. हे माप साधारण १५.६ बाय २३.५ मिलिमीटरचे. आता मागे वळून पाहा. १८ बाय २४ ची सिनेमाची चौकट आणि ही कातरलेली चौकट जवळजवळ सख्ख्या बहिणी आहेत. डिक्सनच्या दृष्टीने पाहिले तर ‘क्रॉप’ हेच मूळ आणि ‘फुल’ हे दुप्पट!

२००२ साली कॉन्टॅक्स आणि कॅननने २४ बाय ३६ च्या सेन्सरचे कॅमेरे आणले. कॅननचा वन-डीएस ११ मेगापिक्सेलचा होता आणि त्याची किंमत मोटारीशी स्पर्धा करणारी होती. २००५ चा कॅनन फाइव्ह-डी त्या मानाने पुष्कळ आवाक्यात आला. निकॉनने २००७ पर्यंत वाट पाहून डी-थ्री काढला. २०१३ साली सोनीचा आरसा नसलेला ए-सेव्हन आला. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन त्याच वाटेने गेले. ‘फुल’ हा शब्द सर्वतोमुखी झाला तो या काळात, आणि त्याचे कारण साधे होते. जगभरच्या छायाचित्रकारांच्या कपाटांत फिल्मच्या काळात घेतलेली भिंगे पडून होती. लहान सेन्सरवर त्यांचा हिशेब बिघडला होता. ५० मिलिमीटरचे भिंग ७५ सारखे वागे, आणि हौसेने घेतलेले रुंद कोनाचे भिंग साधारण होऊन बसे. नव्या सेन्सरवर ती भिंगे पूर्ववत चालू लागली. ‘पूर्ण’ याचा अर्थ एवढाच, की आमच्या जुन्या भिंगांना पूर्ण न्याय मिळाला. मापाला हे नाव दिले ते कपाटातल्या काचेने.

आणि आज ‘पूर्ण’च्या वरही मापे आहेत. फुजीचा २०१७ पासून मिळू लागलेला जीएफएक्स ३२.९ बाय ४३.८ मिलिमीटरचा आहे. पूर्णाहून अधिक ते काय, असा प्रश्न उपनिषदांच्या अभ्यासकाला पडावा. कॅमेऱ्याच्या दुकानात तो पडत नाही.

हिशेब

एवढे सारे वाचून कोणाला वाटेल की फुल फ्रेम म्हणजे नुसता शब्दांचा खेळ. तसे नाही. मोठ्या चौकटीचा लाभ खरा आहे आणि तो मोजता येतो. पावसात अंगणात परात ठेवली आणि शेजारी ताटली ठेवली, तर तेवढ्याच वेळात परातीत पाणी जास्त जमते. २४ बाय ३६ चे क्षेत्र एपीएस-सीच्या सुमारे २.३६ पट आहे. छिद्र आणि वेळ सारखे ठेवले तर एकूण प्रकाश तेवढ्या पटीने अधिक जमतो, म्हणजे छायाचित्रकारांच्या भाषेत एका स्टॉपहून थोडा अधिक लाभ. अंधारलेल्या सभागृहात फोटोवर जी भुरभुर येते ती त्यामुळे कमी होते. त्याच भिंगाचा कोन रुंदावतो आणि पार्श्वभूमी अधिक मऊ होते. १२ बाय १८ इंचांचे पान छापायचे तर फुल फ्रेमचे चित्र साधारण तेरा पट वाढवावे लागते, एपीएस-सीचे साडेएकोणीस पट.

हा हिशेब मी एका माजी विद्यार्थ्यासाठी प्रथम मांडला होता. त्याचा तालुक्याच्या गावी लहानसा स्टुडिओ आहे. हंगामात लग्ने, एरवी मुंज, बारसे आणि जत्रा. बाजारात सगळ्यांच्या पाटीवर ‘फुल फ्रेम’ आले, गिऱ्हाइके विचारू लागली, म्हणून तो कर्ज काढायला निघाला होता. बॉडी आणि दोन भिंगे मिळून अडीच लाखांच्या घरात खर्च जाणार होता. तारण म्हणून आईच्या पाटल्या. सहकारी पतसंस्थेत माझी ओळख आहे म्हणून तो माझ्याकडे आला. “सर, शब्द टाकाल काय?” म्हणाला.

मी त्याला म्हटले, “शब्द टाकतो. पण अगोदर तुझे फोटो दाखव आणि ते कोणत्या भिंगाने काढलेस ते सांग.” तो सारे काम कॅमेऱ्याबरोबर आलेल्या साध्या झूम भिंगावर करीत होता. ते भिंग लांब केले की त्याचे छिद्र एफ ५.६ च्या वर उघडत नाही. आम्ही दोघांनी वहीत आकडे मांडले. फुल फ्रेम घेऊन मिळणार सव्वा स्टॉप. त्याच जुन्या बॉडीला एफ १.८ चे एक ठरावीक भिंग लावले तर त्या झूमच्या तुलनेत तीन स्टॉपहून अधिक, म्हणजे आठ पटींहून जास्त प्रकाश. आणि खर्च बॉडीच्या मानाने किरकोळ. करिझ्मा आल्बमची उघडलेली जोडपाने १२ बाय ३६ इंचांची. एक पान १२ बाय १८ चे. इंचाला तीनशे ठिपक्यांनी छापायचे तर साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात. त्याच्या कॅमेऱ्यात चोवीस होते. आल्बमला काही कमी पडत नव्हते, कमी पडत होता तो भिंगातून येणारा उजेड.

“पण पाटीवर काय लिहू, सर?” त्याने विचारले. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. धंदा पाटीवर चालतो आणि गिऱ्हाईक एकदा शेजारच्या दुकानात गेले की परत येत नाही. मी त्याला एवढेच सांगितले, की अंधाऱ्या सभागृहातले दोन चांगले फोटो मोठे करून दुकानात लाव, आणि भिंग घेताना ते पुढे फुल फ्रेमवरही चालेल असेच घे. त्याने दोन भिंगे घेतली. पाटल्या घरातच राहिल्या. तीन हंगामांनी त्याने फुल फ्रेमची बॉडी घेतली, ती साठवलेल्या पैशांतून. त्या वेळी त्याच्यापाशी नेमके कारण होते. आमच्याकडची जुनी घरे अरुंद. माजघरात देवकाचे विधी चालतात तेव्हा मागे सरकायला जागा नसते, आणि त्याच भिंगातून जास्त रुंद दिसणे त्याला खरोखरच हवे होते. अशा वेळी बदल करावा. शब्दासाठी केलेला बदल आणि कामासाठी केलेला बदल यांची किंमत दुकानात सारखीच असते. फरक हप्ते भरताना कळतो.

चौकटीच्या खाली

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझ्या मनात आणखी एक गोष्ट येते. कचेरीतला तो १९५० च्या दशकातला समूहफोटो आज बोलतो, तो नुसता मोठ्या निगेटिव्हमुळे नाही. त्या वेळच्या कोणा शिक्षकाने पुठ्ठ्यावर, फोटोखाली, रांगेनुसार सगळ्यांची नावे लिहून ठेवली आहेत. वरच्या ओळी मराठीत आणि खाली तीच नावे कन्नडमध्ये. तुटक्या गुंडीच्या त्या मुलाला त्यामुळे नाव आहे. त्याचा नातू गेल्या वर्षी शाळेत आला आणि आजोबांवर बोट ठेवून उभा राहिला. याउलट २००५ ते २०१५ या दहा वर्षांतले आमच्या शाळेचे पुष्कळसे फोटो कोणत्या तरी संगणकात होते. तो संगणक भंगारात गेला आणि फोटोही गेले. जे उरले त्यांत कोण कोण आहे हे सांगणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. ज्या माणसाचे नाव कोणाला सांगता येत नाही, तो फोटोत असूनही कातरला गेला असे मी समजतो.

सेन्सरचे माप उद्या आणखी बदलेल. आजची मुले ज्या मोबाइलने फोटो काढतात त्यांचे सेन्सर नखाएवढे असतात, आणि उद्या कदाचित तेच ‘पूर्ण’ ठरेल; आजवर तसेच होत आले आहे. दिवाळीत घरोघर पाहुणे जमतात आणि जुने आल्बम बाहेर निघतात. आजी किंवा थोरले काका समोर बसलेले असताना एक पेन्सिल घ्यावी, आणि प्रत्येक फोटोच्या पाठीमागे, ज्या भाषेत हात वळतो त्या भाषेत, नावे आणि साल लिहून ठेवावे. या वर्षीचे चार चांगले फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि त्यांच्याही मागे लिहावे. या कामाला एका पेन्सिलीपलीकडे फारसा खर्च नाही, आणि ते कोणत्याही कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोला चालते.